तुझी किक मला मागे हवी आहे

प्रश्न : आम्ही मेलबर्नच्या पश्चिमेला, टार्निटला राहतो. मुलगा पंधरा वर्षांचा, नऊ वर्षांचा असल्यापासून फूटी (ऑस्ट्रेलियन फुटबॉल) खेळतो. पक्का वेस्टर्न बुलडॉग्ज संघवाला. गेली तीन वर्षं तो क्लबच्या संघात हाफ-फॉरवर्ड, म्हणजे पुढच्या फळीत, होता. मागच्या हंगामात संघात सगळ्यांत जास्त, ३१ गोल त्याचे. यंदा नवे प्रशिक्षक आले आणि त्यांनी त्याला हाफ-बॅकला, म्हणजे मागे बचावात, टाकलं. 'तुझी किक मला मागे हवी आहे,' एवढंच म्हणाले. सात सामने झाले, एकही गोल नाही. शेवटच्या दोन सामन्यांत तर समोरच्या संघातल्या सर्वांत चांगल्या पोराला चिकटून राहायला सांगितलं. मुलगा घरात बोलेनासा झालाय. ह्यांचं म्हणणं, आपला रंग वेगळा म्हणून पोराला मागे ढकललं, सरळ क्लब बदलू. मी प्रशिक्षकांशी बोलू का? क्लब बदलावा का? आणि एक छोटी शंका : सामन्याच्या सकाळी पोहे दिले तर चालतात का?
— एक आई, टार्निट

उत्तर :

ताई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा एकाच वाक्यापाशी थांबले. 'तुझी किक मला मागे हवी आहे.' तुम्ही ते जाता जाता लिहिलंत. मुलानेही बहुधा या कानाने ऐकून त्या कानाने सोडून दिलं. मला मात्र वाटतं की तुमच्या निम्म्याहून जास्त प्रश्नांची उत्तरं त्या एका वाक्यात आहेत. ते उलगडायला जरा लांबून यावं लागेल, तेव्हा चहा घेऊन बसा.

मी फूट्सक्रेजवळ एकवीस वर्षं राहते. त्यातली नऊ वर्षं मुलामुलींच्या संघांबरोबर गेली. आधी संत्री कापून आणणारी आई, मग संघाची व्यवस्थापक आणि शेवटची चार वर्षं प्रशिक्षक. बाकांच्या दोन्ही बाजूंना मी बसले आहे. तुमच्या घरात सध्या काय चाललं असेल ते मला चांगलंच माहीत आहे.

हे सदर महाराष्ट्रातही वाचलं जातं, म्हणून त्या वाचकांसाठी चार ओळी. फूटी क्रिकेटच्याच अंडाकृती मैदानावर खेळतात. एका बाजूला अठरा खेळाडू, शिवाय बाकावरून सतत अदलाबदल. दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन खांबांतून पायाने चेंडू गेला की सहा गुण, बाजूच्या खांबांमधून गेला की एक. चेंडू फेकायचा नाही. लाथेने मारायचा, नाहीतर एका तळहातावर धरून दुसऱ्या मुठीने ठोसायचा. पंधरा मीटरांपेक्षा लांबून आलेली किक हवेत झेलली तर तो 'मार्क', मग निवांत किक मारायला मिळते. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, इथे ऑफसाइड नाही. कुणीही मैदानात कुठेही जाऊ शकतो. पुढे मी जे सांगणार आहे ते सगळं या एका सवलतीतून आलेलं आहे.

आपण मराठी माणसं हा खेळ क्रिकेटच्या डोळ्यांनी बघतो. तिसऱ्या क्रमांकावर खेळणाऱ्याला सातव्यावर पाठवलं की त्याची किंमत घटली, हे आपल्या हाडात बसलेलं आहे. त्यामुळे 'पुढून मागे' ऐकलं की मनात लगेच 'वरून खाली' असंच उमटतं. माझे वडील कबड्डी खेळायचे, डाव्या कोपऱ्यावर. टाळ्या चढाई करणाऱ्याला पडायच्या, पण त्यांना कुणी 'तू मागे का उभा' असं कधी विचारलं नाही. कोपरा पक्का नसेल तर संघ उभाच राहत नाही हे बघणाऱ्याला कळत होतं. मुलाच्या बाबांना कबड्डी ठाऊक असेल तर त्यांना हे पटकन समजेल.

अर्थात फूटीतही एके काळी पुढच्या माणसाचंच राज्य होतं. मागे तीन, त्यांच्या पुढे तीन, मध्ये तीन, असे पाच रांगांत खेळाडू उभे राहायचे, प्रत्येकासमोर त्याचा ठरलेला प्रतिस्पर्धी; उरलेले तीन चेंडूमागे फिरायचे. चेंडू उंच आणि लांब मारायचा, आणि फुल फॉरवर्डने, म्हणजे गोलसमोरच्या सगळ्यांत पुढच्या माणसाने, तो झेलायचा. टोनी लॉकेटने अशा खेळात कारकिर्दीत १,३६० गोल केले. एका हंगामात शंभर गोल ही त्या काळी मोठी पण होणारी गोष्ट होती. आता मुलाला विचारा, शेवटचा शंभरी गाठणारा कोण? तो पटकन सांगेल : लान्स फ्रँकलिन, २००८ साली. तेव्हापासून आजवर एकानेही गाठलेली नाही. पुढच्या फळीतली मुलं काही अचानक कमकुवत झालेली नाहीत. त्यांच्यासमोरची मोकळी जमीन संपली.

ती कशी संपली याचा एक मोठा प्रसंग तुमच्या मुलाच्याच लाडक्या संघाचा आहे. २००० साली एसेंडन सलग वीस सामने जिंकून आलं होतं. त्यांना हरवणं अशक्य वाटत होतं. एकविसाव्या फेरीत बुलडॉग्जचे प्रशिक्षक टेरी वॉलेस यांनी आपली माणसं झुंडीने मागे नेऊन ठेवली. एसेंडनच्या फॉरवर्डांना धावायलाच जागा उरली नाही. बुलडॉग्ज जिंकले. त्या वर्षी एसेंडनने विजेतेपद मिळवलं आणि अख्ख्या हंगामात ते हरले ते फक्त या एका सामन्यात. अशा मागे दाटी करण्याला इथे 'फ्लड' म्हणतात. सिडनीत रॉडनी ईड यांनी ती युक्ती त्याआधीच वापरली होती, पण त्या दिवसानंतर कुणाला तिच्याकडे दुर्लक्ष करता आलं नाही.

मग २००८ साली ॲलिस्टर क्लार्कसन यांच्या हॉथॉर्नने पुढचं पाऊल टाकलं. माणसाला चिकटण्याऐवजी जागा राखायची. सगळ्यांनी मिळून एक जाळं धरायचं आणि चेंडू जसा सरकेल तसं ते जाळं सरकवायचं. समोरच्याला मोकळा माणूस सापडत नाही, तो घाईने लांब किक मारतो आणि ती जाळ्यात पडते. त्या वर्षीच्या अंतिम सामन्यात त्यांनी जबरदस्त खेळणाऱ्या जिलाँगला २६ गुणांनी हरवलं. आज जवळजवळ प्रत्येक संघ या विचाराचा कुठला ना कुठला अवतार खेळतो. तुमच्या रविवारच्या मैदानावरसुद्धा त्याची धाकटी भावंडं दिसतात.

आता बघा, ती घाईची लांब किक पडते कुठे? हाफ-बॅकच्या पुढ्यात. समोरचा संघ चढून आलेला, त्यांची माणसं पुढे पसरलेली, त्यांच्या पाठीमागे मैदान मोकळं. चेंडू हिसकावला त्या क्षणी त्यांच्यावर उलटण्याची याहून चांगली वेळ नसते. पण ती वेळ दोन-तीन सेकंदांची असते. त्या दोन-तीन सेकंदांत चेंडू कुणाच्या हातात असावा असं प्रशिक्षकाला वाटेल? ज्याची किक नेमकी जाते त्याच्या. हाफ-फॉरवर्डची किक चुकली तर सहाऐवजी एक गुण मिळतो, फार तर चेंडू जातो. हाफ-बॅकची किक मधल्या पट्ट्यात चुकली तर समोरचा तीस-चाळीस मीटरांवरून थेट गोल मारतो. त्यामुळे जाणता प्रशिक्षक आज आपला चांगला पाय मागे ठेवतो. 'तुझी किक मला मागे हवी आहे' याचा अर्थ हा आहे, ताई. संघातल्या सगळ्यांत नाजूक जागेसाठी त्या माणसाने तुमच्या मुलाचा पाय निवडला.

वरच्या स्तरावर नियमही याच बाजूला झुकले. २०१९पासून ए.एफ.एल.मध्ये, म्हणजे फूटीच्या सर्वोच्च स्पर्धेत, मधून चेंडू उडवून खेळ सुरू होताना दोन्ही टोकांच्या पन्नास मीटरांच्या कमानींत प्रत्येक संघाचे सहा-सहा खेळाडू असावेच लागतात. सुरुवातीलाच मागे गर्दी करता येत नाही. २०२१पासून मार्क घेणाऱ्यासमोर जो उभा असतो त्याने जागेवरून हलायचं नाही. त्याने आडवं सरकणं बंद केल्यावर मागून किक मारणाऱ्याला मैदानाच्या मधोमध तिरपी किक साधणं सोपं झालं.

मुलाला नावं हवी असतील तर त्याच्याच संघातून देते. २०१६. बुलडॉग्ज सातव्या क्रमांकावरून बाद फेरीत आले, चार सामने ओळीने जिंकले आणि १ ऑक्टोबरला सिडनीला ८९-६७ असं हरवून १९५४नंतरचं पहिलं विजेतेपद पश्चिमेला आणलं. त्या रात्री आमच्या गल्लीत अनोळखी माणसं एकमेकांना मिठ्या मारत होती. एक म्हातारे आजोबा फाटकाशी उभे राहून नुसते रडत होते. अंतिम सामन्यातल्या सर्वोत्तम खेळाडूचं नॉर्म स्मिथ पदक कुणाला मिळालं? जेसन जोहॅनिसनला. हाफ-बॅक. जन्म दक्षिण आफ्रिकेतला, लहानपणी ऑस्ट्रेलियात आलेला. मागून चेंडू घेऊन तो असा सुटायचा की माणसं बाकांवरून उठायची.

आणि त्याच संघाचा कर्णधार बॉब मर्फी. हा तुमच्या मुलाने खास बघावा असा. सडपातळ अंगाचा मर्फी २००६ साली पुढच्या फळीत, उंच बचावपटूंच्या गर्दीत सेंटर हाफ-फॉरवर्डला खेळत होता. पुढे तो हाफ-बॅकला आला आणि तिथून दोनदा ऑल-ऑस्ट्रेलियन संघात निवडला गेला, २०१५ साली तर त्या संघाचा कर्णधार म्हणून. २०१६च्या हंगामाच्या सुरुवातीला त्याचा गुडघा गेला आणि अंतिम सामना त्याला बाहेर बसून बघावा लागला. विजयानंतर प्रशिक्षक ल्यूक बेव्हरिज यांनी त्याला मंचावर बोलावलं आणि विजेत्या प्रशिक्षकाला मिळणारं आपलं पदक त्याच्या गळ्यात घातलं. ते दृश्य आठवलं की माझा गळा अजून दाटतो.

आता मुलाच्या मनातला खरा सल : मी परत पुढे जाईन का? गेलाच तर आधीपेक्षा चांगला जाईल, असं माझं मत आहे. १९८४च्या अंतिम सामन्यात तिसऱ्या सत्राअखेर एसेंडन हॉथॉर्नच्या २३ गुणांनी मागे होतं. केव्हिन शीडी यांनी माणसं उलटीपालटी केली, बचावातल्या बिली डकवर्थला पुढे पाठवलं. शेवटच्या सत्रात एसेंडनने नऊ गोल केले, २४ गुणांनी सामना जिंकला आणि नॉर्म स्मिथ पदक डकवर्थला मिळालं. बचावपटूची पावलं कधी अडखळतात हे बचावपटूइतकं कुणाला कळणार? हेच उलट्या बाजूनेही खरं आहे. तुमचा मुलगा तीन वर्षं फॉरवर्ड होता. समोरचा फॉरवर्ड कुठल्या खांद्यावरून मागे बघतो, खोटं पाऊल कुठे टाकतो आणि खरा कुठे पळतो, हे त्याच्या अंगात आहे. हाफ-बॅकला हे भांडवल फार थोड्यांकडे असतं.

नव्या जागी त्याला शिकायचंय ते निराळं. फॉरवर्ड चेंडूच्या दिशेने पळतो. हाफ-बॅकला चेंडू आणि आपला माणूस (ज्याला अडवायचं तो) दोघेही एकदम दिसतील असं अंग तिरपं ठेवावं लागतं, आणि आपण गोलच्या बाजूला राहायचं. चेंडू झेलू की मुठीने दूर ठोसू असं मनात आलं तर ठोसायचं. हे वाक्य मी मुलींना इतक्या वेळा सांगितलं की त्या माझ्याआधीच पुरं करायच्या. सगळ्यांत अवघड म्हणजे आपला माणूस सोडून शेजाऱ्याच्या मदतीला कधी जायचं. लवकर गेलं तर आपला माणूस मोकळा सुटतो आणि सगळ्यांना दिसतं की चूक कुणाची. उशिरा गेलं तर गेल्याचा उपयोग नाही. हा अंदाज यायला माझ्या मते पूर्ण एक हंगाम लागतो. सात सामन्यांत तो आला नाही म्हणून पोराने खचून जाऊ नये.

किकचंही तसंच. मागून सीमारेषेच्या कडेकडेने लांब मारणं सुरक्षित. चूक झाली तरी चेंडू बाहेर जातो. पंचेचाळीस अंशांत आत, मधल्या पट्ट्यात मारणं धोक्याचं, पण सगळं मैदान तिथूनच उघडतं. प्रशिक्षकांना त्याची किक हवी आहे ती बहुधा या आतल्या किकसाठी. त्याला ती मारायची परवानगी आहे का, हे त्याने विचारायला हवं. परवानगी नसताना मारली आणि चुकली तर रागावणं ऐकावं लागेल. परवानगी असताना तो घाबरून कडेकडेनेच मारत राहिला तर प्रशिक्षकांना वाटेल, याला मागे आणून काय उपयोग झाला.

टी.व्ही.वर हे काही दिसत नाही, कारण कॅमेरा चेंडूमागे धावतो. म्हणून त्याला घेऊन मैदानात जा. एम.सी.जी.वर किंवा मार्व्हल स्टेडियमवर गोलच्या मागे, शक्य तितक्या उंच बसा. व्हिटन ओव्हलवर बुलडॉग्जच्या मुलींचा सामना असेल तर आणखी छान, तिथे खेळाडूंच्या हाकाही ऐकू येतात. एक पूर्ण सत्र चेंडू बघायचाच नाही. एका हाफ-बॅकवर नजर ठेवायची. चेंडू शंभर मीटरांवर असताना ती कुठे उभी आहे, हाताने कुणाला काय खुणावते, कधी पुढे सरकते. (ज्या टेड व्हिटन यांच्या नावाचं ते मैदान आहे, ते स्वतः सेंटर हाफ-फॉरवर्ड आणि सेंटर हाफ-बॅक अशा दोन्ही जागांवर थोर होते. हे त्याला तिथे बसूनच सांगा.)

एवढं सगळं प्रशिक्षकांच्या बाजूने बोलले, आता एका गोष्टीत मी तुमच्या मुलाच्या बाजूने आहे. ते चिकटून राहणं. याला 'टॅग' म्हणतात. मोठ्यांच्या खेळात ते मानाचं काम आहे. जिलाँगचा कॅमेरन लिंग वर्षानुवर्षं समोरच्या संघाच्या सर्वोत्तम मिडफिल्डरला बांधून ठेवायचा, तीन विजेतेपदं जिंकला आणि २०११चं तर कर्णधार म्हणून. एखाद्या सामन्यात पंधरा वर्षांच्या पोरालाही ते द्यावं, त्यातून शिस्त येते, शिवाय समोरचा चांगला खेळाडू दिवसभर जवळून बघायला मिळतो. पण दर आठवड्याला देऊ नये. या वयात मुलाने चेंडूला हात लावायला हवा, चुका करायला हव्यात. ज्याची किक हवी म्हणून मागे आणलं, त्याला दुसऱ्याच्या सावलीसारखं फिरवलं तर ती किक वापरणार कधी? हा प्रश्न रास्त आहे आणि तो विचारला गेला पाहिजे.

विचारायचा मात्र मुलाने. तुम्ही नाही, बाबांनी तर नाहीच.

हे मी अनुभवाने सांगते. माझ्या मुलाला तेराव्या वर्षी विंगवरून बॅक पॉकेटला, म्हणजे बचावातल्या कोपऱ्यात, नेलं तेव्हा सामना हरल्यावर गाड्या लावतात तिथे मी त्याच्या प्रशिक्षकांना गाठलं आणि सगळ्यांसमोर जाब विचारला. ते सभ्यपणे बोलले. मुलगा गाडीत मागच्या सीटवर बसला आणि त्यानंतर कित्येक आठवडे खेळाबद्दल त्याने मला एक शब्द सांगितला नाही. त्याची जागा बदलल्याचं दुःख त्याने महिन्याभरात पचवलं होतं. मी जे केलं ते पचवायला त्याला फार वेळ लागला, आणि त्याची खंत मला आजही आहे.

तेव्हा सरावाच्या दिवशी त्याला दहा मिनिटं लवकर सोडा. सामन्याच्या दिवशी नको, त्या दिवशी प्रशिक्षकांच्या डोक्यात अठ्ठावीस गोष्टी असतात. घरी एकदा म्हणून बघू द्या, आरशासमोर नाहीतर तुमच्यासमोर. 'मागे खेळताना माझ्या किकचा तुम्हाला नेमका कसा उपयोग हवा आहे? आत मारायची मोकळीक आहे का? टॅग करताना ती कशी वापरू? आणि या हंगामात थोडा वेळ पुढे खेळायला मिळेल का?' एवढंच. 'मला मागे का टाकलं' या शब्दांनी सुरुवात नको. इथल्या प्रशिक्षकांना प्रश्न विचारणारी मुलं आवडतात. आपल्याकडे गुरुजींना प्रश्न विचारणं उद्धटपणा वाटतो, आणि आपली मुलं ती भीती आपल्याकडूनच घेतात. इथे गप्प राहणाऱ्याला काही नको आहे असं समजलं जातं.

आता बाबांची शंका. ती मी उडवून लावणार नाही. या देशात, या खेळात, रंगावरून माणसाला छळलं गेलेलं आहे. ॲडम गुड्स दोनदा ब्राउनलो पदक (हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूचं) मिळवलेला ॲबोरिजिनल खेळाडू, आणि २०१५ साली मैदानांमागून मैदानं त्याची हुर्यो करत राहिली, शेवटी तो खेळ सोडून गेला. ए.एफ.एल.ने २०१९ मध्ये त्याची माफी मागितली. वर्णद्वेषी शिवीगाळीविरुद्धचा नियम १९९५ मध्ये झाला तोही मायकेल लाँग नावाच्या खेळाडूने गप्प बसायला नकार दिला म्हणून. त्यामुळे बाबांना तसं वाटणं हा काही वेडेपणा नाही.

पण तुमच्या पत्रात मला त्याची खूण दिसत नाही. जागा बदलली, कारण सांगितलं, सातही सामने मैदानावर ठेवलं, आणि समोरच्या सर्वोत्तम खेळाडूची जबाबदारी दिली. ज्याला दूर ठेवायचं त्याला कुणी हे देत नाही. खरी खूण निराळी असते. इतरांना समजावून सांगतात आणि याला नुसतं हातवारे करून पाठवतात. एकाच चुकीला दुसऱ्याला थाप आणि याला बाक. नावाची मोडतोड, डब्यावरून शेरे, आणि प्रशिक्षकांनी ऐकून न ऐकल्यासारखं करणं. यातलं काही असेल तर मुलाला शांतपणे विचारा, तारखेनिशी लिहून ठेवा आणि क्लबच्या समितीकडे लेखी द्या. तिथे दाद मिळाली नाही तर लीगकडे. त्या वेळी मी म्हणेन, बाबा बरोबर आहेत, उठा आणि निघा. आत्ता मात्र तशी वेळ आलेली मला दिसत नाही. बाबांनी तो संशय मुलासमोर रोज बोलून दाखवला तर मुलाला उद्या कुठल्याही प्रशिक्षकाचा कुठलाही शब्द खरा वाटणार नाही. त्यांना माझं हे वाक्य वाचून दाखवा, रागावले तरी चालेल.

क्लब हंगामाच्या मध्यात बदलू नका. नऊ वर्षांच्या वयापासूनचे मित्र तिथे आहेत. पंधराव्या वर्षी मित्र तुटणं हे गोल हुकण्यापेक्षा जास्त लागतं. सप्टेंबरनंतर तो स्वतः म्हणाला तर विचार करा.

आणि घरी गोलांचा हिशेब बंद करा. '३१' हा आकडा तुमच्या पत्रात आहे, म्हणजे घरातही तो असणारच. गाडीत 'आज किती गोल?' हा प्रश्न आला की सात आठवडे उत्तर शून्य आहे, मग तो बोलेल तरी काय? येत्या रविवारी दुसरं काही मोजा. त्याचा संघ ज्या टोकाला बचाव करतो तिथे गोलच्या मागे उभ्या राहा, सत्र बदललं की तुम्हीही टोक बदला. त्याने किती किका ठोसून लांबवल्या, त्याच्या पायातून निघालेला चेंडू किती वेळा आपल्याच माणसाने झेलला, आणि त्यातून दोन-तीन हातांनंतर गोल झाला का, हे बघा. शेवटचं विशेष बघा, कारण त्या गोलपुढे नाव दुसऱ्याचं लागतं. परत येताना त्याला एकच सांगा : 'तिसऱ्या सत्रात तू आत मारलीस ना, त्यातून गोल झाला, मी बघितलं.' पुढे काही विचारू नका. तो बोलेल. त्याच दिवशी नाही बोलला तर पुढच्या रविवारी बोलेल.

राहिले पोहे. जरूर द्या, पण सामन्याच्या दोन-अडीच तास आधी, तेल आणि शेंगदाणे बेताने, वर लिंबू पिळून. पोटभर नको, एक वाटी. सोबत केळं. शेवटच्या सत्राआधी संत्र्याच्या फोडी क्लब देतोच. एखाद्या रविवारी त्या कापून आणायचं काम बाबांनी अंगावर घ्यावं. फोडी वाटताना प्रशिक्षकांशी आपोआप चार शब्द होतात, आणि तेव्हा कुणी जाब मागत नसतं.